मोहरीएवढ्या शंखाला नाव कोण देणार?

माझ्या धंद्यातल्या माणसांना एक वाईट खोड आहे. कुठलंही काम नीट बघायच्या आधीच आम्ही सांगून टाकतो, की हे तर मशीन करेल. पॅसिफिक महासागरातल्या एखाद्या बेटावर दोन मिलिमीटरची नवी सागरी गोगलगाय सापडली, तिला शास्त्रीय नाव मिळालं, अशी बातमी आली की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. पहिली, ‘याचा उपयोग काय?’ दुसरी, ‘फोटो काढा, डीएनए वाचा, बाकीचं एआय बघून घेईल.’ पहिली कोणीही देतं. दुसरी खास आम्हा आयटीवाल्यांची. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे दुसरीशी माझं भांडण जास्त आहे. पण दोन्हींच्या मुळाशी समज एकच : नाव देणं ही कारकुनी आहे. सापडलं, नोंदवलं, झालं.

मला ठामपणे म्हणायचं आहे की ही कारकुनी नाही. नव्या जातीचं वर्णन हे कुणीतरी स्वतःच्या सहीने केलेलं, खोडून काढता येईल असं विधान असतं. आणि असं विधान करू शकणारी माणसं आपण हळूहळू संपवत आणली आहेत.

आधी कामाचा आवाका बघू. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला न्यू कॅलेडोनिया हा फ्रान्सच्या ताब्यातला द्वीपसमूह आहे. त्याच्या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर कूमाक नावाचं गाव आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयातले फिलिप बूशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथला समुद्र अक्षरशः चाळून काढला. जागा २९५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षा लहान. ४२ ठिकाणं, ४०० मनुष्यदिवस. २००२ साली त्यांनी निष्कर्ष छापला : शंख-शिंपल्यांच्या, म्हणजे मृदुकाय प्राण्यांच्या २,७३८ जाती. अख्ख्या भूमध्य समुद्रात मिळून साधारण दोन हजार जाती माहीत आहेत, त्यावरून अंदाज करा. यातल्या जवळपास एक तृतीयांश जाती चार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान होत्या. आणि दर पाच जातींमागे साधारण एका जातीचा फक्त एकच नमुना हाती लागला. ४०० मनुष्यदिवसांत एक.

असे शंख किनाऱ्यावर फिरताना दिसत नाहीत. पाणबुडे खडक ब्रशने घासून पडणारा गाळ टोपलीत धरतात, पाण्याखाली चालणाऱ्या पंपाने वाळू ओढून घेतात. मग चाळण्या. मग सूक्ष्मदर्शकाखाली वाळूच्या कणांतून बारीक कुंचल्याने एकेक शंख वेचायचा. आजी निवडते तसे तांदूळ निवडायचे, फक्त तांदूळ मोहरीहून लहान आणि खडे त्याच आकाराचे.

यात ट्रायफोरिडी नावाचं एक कुळ आहे. बहुतेक जाती सेंटिमीटरभरसुद्धा नसतात, स्पंज खातात आणि त्यांचे शंख डावीकडे वळलेले असतात. जगातले बहुसंख्य शंख उजवे. आपल्याकडे ज्याला ‘दक्षिणावर्ती शंख’ म्हणतात, तो शास्त्राच्या भाषेत डावा शंख असतो. तो दुर्मीळ, म्हणून लोक त्याला लाखांत पैसे मोजतात, देव्हाऱ्यात ठेवतात. इकडे पॅसिफिकमध्ये जवळपास एक संपूर्ण कुळ डावं आहे आणि त्यातल्या कितीतरी जाती नावाशिवाय बरण्यांत पडून आहेत.

आता समजा असा एक शंख तुमच्या हातात आला. तो नवा आहे, हे कसं ठरवाल? कदाचित तो एखाद्या माहीत असलेल्या जातीचं पिल्लू असेल. कदाचित त्याचं टोक झिजलं असेल. कदाचित त्याला आधीच नाव मिळालेलं असेल. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची मोजणी लिनियसच्या ग्रंथाच्या १७५८च्या आवृत्तीपासून सुरू होते आणि आधीचं वैध नाव साधारणपणे टिकतं. आमच्या भाषेत, अडीचशेहून जास्त वर्षांची बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी. उदाहरणार्थ, चार्ल्स हेडली १८९६ साली फुनाफुती या प्रवाळबेटावर गेला, आजच्या तुवालूमध्ये. तिथल्या मृदुकाय प्राण्यांवरचं त्याचं काम १८९९ साली सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमने छापलं. आज पॅसिफिकमधला बारीक शंख नवा म्हणायचा तर हेडलीची चित्रं आणि त्याने जपलेले मूळ नमुने पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. शंखाच्या टोकावर त्याचे बाळपणीचे वळसे तसेच शिल्लक असतात. ते बरेच आणि अरुंद असतील, तर हा प्राणी अळी असताना पाण्यात तरंगत, खात, दूरवर वाहत गेला होता. वळसे मोजके आणि फुगीर असतील, तर तो फार लांब गेलाच नाही, जन्मला त्याच परिसरात राहिला. अर्ध्या मिलिमीटरच्या त्या टोकावरून कळतं, की ही जात हजार किलोमीटरवर पसरलेली असू शकते की एका खाडीपुरतीच असेल. न्यू कॅलेडोनियात निकेलच्या खाणी आहेत आणि पावसात तिथली लाल माती समुद्रात उतरते. एका खाडीपुरत्या जातीसाठी तेवढं पुरेसं असतं. आता सांगा, हे वर्णन कारकुनी आहे का?

शेवटी एक नमुना निवडून तो संग्रहालयात ठेवावा लागतो. त्याला होलोटाइप म्हणतात. पुढची शंभर-दोनशे वर्षं कोणालाही शंका आली, तर त्याने तो काढून बघायचा. नावापुढे वर्णन करणाऱ्याचं आडनाव आणि साल लागतं. चूक निघाली तर तीही त्याच नावावर.

आता ‘उपयोग काय’कडे येऊ. या प्रश्नाला विज्ञानप्रेमी मंडळी एक ठरलेलं उत्तर देतात : कोनस वंशाच्या गोगलगायीच्या विषापासून झिकोनोटाइड नावाचं वेदनाशामक बनलं, अमेरिकेत त्याला २००४ साली मान्यता मिळाली. म्हणजे उद्या या शंखातूनही औषध निघेल. हकीकत खरी आहे, पण युक्तिवाद घातक आहे. ज्या हजारो जातींतून काहीच निघणार नाही, त्यांना आपण स्वतःच्या तोंडाने निकामी ठरवतो. कोकणात तिसऱ्या, खुबे, कालवं यांना नावं आहेत, कारण ती कालवणात पडतात. स्वयंपाकघराची ती गरज होती. पण विज्ञानानेही फक्त चुलीपर्यंत पोचणाऱ्यालाच ओळखायचं ठरवलं, तर विज्ञान कशाला हवं?

माझं उत्तर वेगळं आहे. नाव नसेल तर नुकसान मोजता येत नाही. त्याच महासागरातल्या, पण जमिनीवरच्या एका गोगलगायीचं उदाहरण घ्या. ताहितीशेजारच्या मूरेआ बेटावर पार्टुला या वंशाच्या गोगलगायी झाडांवर राहायच्या. १९७७ साली तिथे दुसरी एक शिकारी गोगलगाय मुद्दाम आणून सोडली, शेतीची नासधूस करणाऱ्या आफ्रिकी गोगलगायींचा बंदोबस्त करायला. तिने पार्टुलांचा फडशा पाडला. १९८७पर्यंत मूरेआच्या जंगलातून पार्टुला गेल्याची नोंद झाली. ही नोंद का होऊ शकली? कारण त्या जातींना नावं होती आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माणसांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. काय जातंय हे माहीत होतं, म्हणून काही जिवंत नमुने वेळेत उचलून प्रयोगशाळांत आणि प्राणिसंग्रहालयांत नेले, आणि त्यांची पिल्लावळ आता बेटांवर परत सोडली जाते आहे. त्याच काळात त्याच बेटांभोवतीच्या समुद्रातली एखादी दोन मिलिमीटरची जात संपली असेल, तर तिच्यासाठी कोणी रडलं नाही. रडणार कोणासाठी?

दुसरी प्रतिक्रिया, एआयची. मॉडेलला शिकवायला उदाहरणं लागतात, भरपूर आणि नीट लेबल लावलेली. इथे दर पाचातल्या एका जातीचा एकच नमुना आहे. एका शंखाच्या चार फोटोंवर कोणतं मॉडेल शिकणार? शिवाय नवी जात म्हणजे व्याख्येनेच ट्रेनिंग डेटात नसलेली गोष्ट. मॉडेल फार तर म्हणेल, हे माझ्या ओळखीचं नाही. ते पिल्लू आहे, झिजलेलं आहे, खरंच नवं आहे, की १८९९ साली सिडनीत छापून गेलेलं आहे, हा निर्णय शिल्लकच राहतो. आणि ज्या लेबलांवर मॉडेल शिकतं ती लेबलं लावतो कोण? तोच माणूस, ज्याची आता गरज नाही असं आपण म्हणतोय.

डीएनएचंही तसंच. एका जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून दिसायला सारख्या जाती वेगळ्या काढता येतात, हे मोठंच काम आहे. पण अनेक बारीक जाती आपल्याला फक्त रिकाम्या शंखांवरून माहीत आहेत. मांस नाही तर डीएनए कुठला? जुने होलोटाइपही बहुतेक कोरडे, कधी लाटांनी झिजलेले. डीएनए गट पाडून देतो. त्या गटाला हेडलीचं नाव लागू होतं की नवं द्यायचं, हे शेवटी शंख शेजारी ठेवूनच ठरतं.

मी यंत्रांच्या विरोधात नाही. वाळूतून शंख वेगळे काढणारं यंत्र बनवा, जुनी चित्रं शोधता येतील अशी साधनं बनवा, होलोटाइपची त्रिमितीय चित्रं जगभर उघडी करा. तज्ज्ञाची वर्षं वाचवणाऱ्या या गोष्टी आहेत. तज्ज्ञच नको म्हणणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती सहसा असं म्हणणारे करतात ज्यांनी एकही शंख सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेला नसतो.

खरी अडचण माणसांची आहे. नवी जात पहिल्यांदा गोळा झाल्यापासून तिचं वर्णन छापून यायला सरासरी २१ वर्षं लागतात, असं २०१२ सालच्या एका अभ्यासात दिसलं. शंख तोवर बरणीत. युरोपातल्या नव्या जातींपैकी ६० टक्क्यांहून अधिक जातींचं वर्णन हौशी किंवा निवृत्त माणसं करतात, असं त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात आढळलं. स्पेनमधल्या व्हिगो शहरातले एमिलियो रोलान पेशाने बालरोगतज्ज्ञ, त्यांनी शेकडो सागरी जातींची वर्णनं केली. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण जगाची जीवनोंद डॉक्टरांच्या रविवारांवर चालत असेल, तर ती पगारी शास्त्रव्यवस्थेची नामुष्की आहे. कारण साधं आहे : विद्यापीठं संदर्भ मोजतात. एखाद्या जातीचं नाव पुढे शंभर शोधनिबंधांत येतं, पण ते वर्णन करणाऱ्याचा निबंध संदर्भयादीत क्वचितच असतो.

हे आम्हाला तरी कळायला हवं. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीत भगदाड सापडलं आणि जगभरच्या कंपन्यांची झोप उडाली. तेव्हा कळलं, की ती मोजके स्वयंसेवक सांभाळत होते. प्राण्यांच्या नावांचं काम ही पृथ्वीची तसलीच लायब्ररी आहे. सगळे वापरतात, पगार कोणी देत नाही.

आणि घाई आहे. हवाई आणि मेक्सिकोच्या मधल्या पॅसिफिक तळावर धातूंचे गोळे पसरलेले आहेत, ते शोधण्यासाठी नाउरू, टोंगा, कुक बेटं यांच्या पाठिंब्याने परवाने घेतलेले आहेत. २०२३ सालच्या एका अभ्यासानुसार त्या पट्ट्यात नोंदलेल्या प्राण्यांच्या साडेपाच हजारांहून अधिक जातींपैकी जवळपास ९० टक्क्यांना नावच नाही. हा दूरचा प्रश्न नाही. मध्य हिंद महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर तळावर असेच गोळे शोधण्याचा करार भारताकडे आहे. हिंद महासागरातच २००१ साली लोखंडी खवल्यांच्या पायाची एक गोगलगाय सापडली. तिचं रीतसर वर्णन २०१५ साली झालं. त्यानंतर, २०१९ साली, समुद्रतळाच्या खाणकामामुळे धोक्यात आलेली जात म्हणून ती लाल यादीत गेली. क्रम बघा : आधी नाव, मग संरक्षण. मधली चौदा वर्षं ती कुठल्याच यादीत जाण्यासारखी नव्हती.

म्हणून मागणी सरळ आहे. जिथे खाण, बंदर किंवा भराव होणार, तिथल्या पर्यावरण अहवालात ‘अनोळखी जाती’ असं लिहून पान उलटू देऊ नका. वर्णनाचा खर्च परवाना मागणाऱ्याकडून घ्या. विद्यापीठांनी चांगल्या वर्णनाला शोधनिबंधाचा पूर्ण मान द्यावा. आणि माझ्या धंद्यातल्या मित्रांनो, पुढच्या वेळी ‘हे तर एआय करेल’ असं टाइप करण्याआधी जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात जा. सूक्ष्मदर्शकाखाली चमचाभर वाळू घ्या आणि त्यातून शंख वेचायला बसा. तासाभराने बोलू.