खुडूक कोंबडीची बाजू

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कोंबड्या असतील. त्यांतली एखादी कोंबडी एके दिवशी अंडी देणे थांबवते. अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते. जवळ गेलात तर पिसे फुलवते, घशातून खर्रर असा आवाज काढते आणि हात पुढे केला तर चोच मारते. घरातील मोठी माणसे म्हणतात, "मुर्गी कुडक हो गई." मराठीत अशा कोंबडीला खुडूक कोंबडी म्हणतात. कुडक आणि खुडूक हे दोन शब्द एकमेकांचे भाऊ शोभतील असे आहेत. मराठीचा तास अवघड वाटतो म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की निम्मे शब्द तुमच्या घरात आधीच फिरत असतात.

आता शब्द सोडून कोंबडीकडे येऊ. ती खुडूक झाली की आपल्याकडे तिला काय मिळते? शिव्या मिळतात. "फुकट दाणे खाते, अंडे देत नाही," असे म्हणून कुणी तिला बादलीतल्या गार पाण्यात बुडवतो, कुणी तिच्या नाकपुडीत पीस खुपसतो, कुणी पाय बांधून उन्हात टाकून देतो. माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात हे सर्रास चालत असे, आणि आम्ही मुले हसत पाहत असू. आज मला त्या हसण्याची लाज वाटते. माझे मत स्पष्ट आहे: खुडूक कोंबडी आळशी नसते, आजारी नसते आणि शिक्षेला पात्र तर मुळीच नसते. ती कामाला बसलेली असते.

हे काम कसले, ते आधी पाहा. कोंबडीच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचे एक संप्रेरक वाढते. त्यामुळे अंडी देणे थांबते आणि बसण्याची ओढ लागते. पोटाखालची पिसे विरळ होतात आणि उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना लागते. ऊब या शब्दावरूनच उबवणे हा शब्द आला. उर्दूत आपण अंडे सेना म्हणतो, तेच हे. अंड्यांना सुमारे साडेसदतीस अंश सेल्सिअस ऊब सतत एकवीस दिवस हवी असते. कोंबडी दिवसातून बहुधा एकदाच उठते. पंधरा-वीस मिनिटांत दाणापाणी उरकते, धुळीत अंग घोळते आणि परत येते. चोचीने अंडी दिवसातून अनेकदा फिरवते, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटून मरतो. एवढे दिवस ती अर्धपोटी राहते आणि तिचे वजन घटते. हंसाच्या मादीला तर अठ्ठावीस ते तीस दिवस बसावे लागते. पण तिचा नर जवळ उभा राहून पहारा करतो. आपला कोंबडा मात्र या काळात खुशाल दुसरीकडे बांग देत फिरतो.

हे सारे मी पुस्तकातून वाचले होते. बी.एड. झालो होतो, वर्गात फळ्यावर अंड्याची आकृतीही काढत होतो. तरी सेमाडोहला माझ्या हातून जे झाले ते झालेच.

सेमाडोह तुम्हांला ठाऊक असेल. परतवाड्याहून धारणीला जाणारी एस.टी. घटांगचा घाट चढून जंगलात शिरते, आणि पुढे सिपना नदीच्या काठी हे गाव लागते. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. चहूकडे सागाचेच रान आहे. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होते. माझी मोठी बहीण, म्हणजे आपा, लग्न होऊन तिथे राहते. शेजारी एक कोरकू आजी आहे. आजीने माझ्या भाचीला एक तांबडी गावरान कोंबडी वाट्याने दिली होती. कोंबडी आजीची, सांभाळ भाचीचा, आणि पिल्ले निघाली की निम्मी निम्मी. गरिबाघरी असा व्यवहार पैशांवाचून चालतो, आणि बँकेपेक्षा तो कमी चोख नसतो.

दिवाळीच्या सुटीत मी तिथे गेलो तेव्हा कोंबडी पडवीत खाटेखाली बसलेली होती. पोटाखाली अकरा अंडी होती आणि नववा दिवस होता. घरातील सर्वांना एका लग्नासाठी धारणीला मुक्कामाने जायचे होते. मी विचार केला, पडवी उघडी आहे, रात्री रानमांजर आले तर? म्हणून सकाळी उजेडात कोंबडीला टोपलीसकट उचलून आतल्या कोठीत ठेवले, आणि तिला दाणापाण्याला जाता यावे म्हणून दार जरा किलकिले ठेवले. मोठे शहाणपण केले असे मला वाटले. भाचीने विचारलेही, "मामू, ती घाबरेल का?" मी म्हणालो, "अंडी जिथे, कोंबडी तिथे."

दुसऱ्या दिवशी परत आलो तर कोंबडी पडवीत खाटेखाली, त्याच जागी, मोकळ्या जमिनीवर बसली होती. पोटाखाली काहीच नव्हते. कोठीतली अकरा अंडी दगडासारखी गार पडली होती. मेळघाटात कार्तिकातली रात्र कशी असते हे तिथे राहणाऱ्यालाच माहीत. आजी आली. तिने एक अंडे गालाला लावून पाहिले आणि खाली ठेवले. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजी, तिले दिवसा नाई हालवत. रातच्याले, अंधारात." कोंबडीला जागा पाठ असते, अंडी नाही, हे जे मला कुणी शिकवले नव्हते ते तिला लहानपणापासून ठाऊक होते. भाची दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नुकसान तिचे एकटीचे नव्हते, आजीचेही होते. आणि ते माझ्यासारख्या पगारदार माणसाने केले होते, हे मला जास्त लागले.

मी म्हटले, लगेच दुसरी अंडी ठेवू, ती बसलेलीच आहे. आजीने नकार दिला. "पहिले तिले खाऊ द्या." नऊ दिवस उपाशी राहिलेल्या जिवावर आणखी एकवीस दिवस लादायचे नाहीत, असा त्याचा अर्थ. मग कोंबडीला बसण्यापासून सोडवले कसे? पाण्यात बुडवून नव्हे. बांबूच्या, खालून वारा लागेल अशा झापात तिला तीन-चार दिवस ठेवले. खाली गवत नाही, ऊब नाही. दाणापाणी मात्र भरपूर. अंड्यांचा स्पर्श आणि घरट्याची ऊब तुटली की ते संप्रेरक आपोआप उतरते. चौथ्या दिवशी ती उकिरड्यावर उकरताना दिसली. उन्हाळ्याच्या कडाक्यात, किंवा कोंबडा नसल्याने अंडी फळलेलीच नसतात तेव्हा, कोंबडीला बसवण्यात अर्थ नसतो. तेव्हा हाच उपाय करावा. छळाची गरज कधीच नसते.

तुम्ही म्हणाल, "सर, घरात लहान मूल असेल तर अंडी उबवायची की मुलाला द्यायची?" हा प्रश्न खरा आहे, आणि मेळघाटात तर तो हसण्यावारी नेता येत नाही. तिथल्या बालकांच्या कुपोषणाच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची अमृत आहार योजना २०१५ साली राज्याच्या आदिवासी भागांत सुरू झाली, आणि पुढे तीत अंगणवाडीच्या मुलांनाही अंडी देणे आले, ते उगीच नाही. माझे उत्तर असे: मुलाच्या तोंडचे अंडे काढून कोंबडीखाली ठेवू नये. पण तशी वेळही येत नाही. गावरान कोंबडी एका खेपेला दहा-पंधरा अंडी देते, तीही एक-दोन दिवसांआड. आठवड्यापेक्षा जुने अंडे उबवायला कमी कमीच उपयोगी पडते. तेव्हा आधीची अंडी मुलांनी खावीत, शेवटच्या आठवड्यातली ठेवावीत, आणि कमी पडली तर शेजाऱ्याकडून ताजी घ्यावीत. एका कोंबडीला दहा-बारा पुरेत. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात आणि लोभापायी सगळीच बिघडतात.

दुसरा आक्षेप असा, की आता उबवणीची यंत्रे आहेत, मग कोंबडीची मनधरणी कशाला? यंत्रे आहेत हे खरे. पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे सरकारची अंडी उबवणी केंद्रे आहेत, आणि त्यांचा उपयोग मोठा आहे. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणारी पांढरी लेगहॉर्न कोंबडी तर खुडूक होतच नाही म्हटले तरी चालेल. माणसाने निवड करून करून तिच्यातून ती ओढच काढून टाकली. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास ते ऐंशी अंडीच देते. पण ती स्वतः पिल्ले काढते, घारीपासून राखते, चारा शोधायला शिकवते. वीज तासन्‌तास जाणाऱ्या जंगलातल्या गावात हे यंत्र विजेवाचून चालते. आणि ज्याच्याकडे पिल्ले विकत घ्यायला पैसे नाहीत, त्याचा सारा कळप अशा एका खुडूक कोंबडीतूनच उभा राहतो.

मेळघाटच्या रानातही अशाच माता आहेत. राखी रानकोंबडी झुडपाखाली जमिनीवर चार ते सात अंडी घालून एकटीच बसते. आपल्या पाळीव कोंबडीचे मूळ लाल रानकोंबडीत आहे. पण तिच्या पायांचा पिवळा रंग राखी रानकोंबडीकडून आला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. म्हणजे आपाच्या पडवीतल्या तांबडीचे एक नाते थेट सेमाडोहच्या जंगलाशी निघते. हे ऐकून भाचीला फार गंमत वाटली. तोवर ती पुन्हा माझ्याशी बोलू लागली होती.

माघ महिन्यात कोंबडी पुन्हा खुडूक झाली. या वेळी मी आजीला विचारल्याशिवाय काडी हलवली नाही. टोपलीत खाली राख, तिच्यावर कडुनिंबाचा पाला आणि वर वाळलेले गवत घातले. राखेने उवा-पिसवांना आळा बसतो. पिसवांनी बेजार झालेली कोंबडी अंडी टाकून उठते. सात अंडी आजीची, चार आपाची, सगळी ताजी, न धुतलेली. अंधार पडल्यावर आजीने कोंबडीला हळूच त्यांच्यावर बसवले. समोर हातभर अंतरावर पाणी आणि ज्वारी. सातव्या रात्री मी एकेक अंडे टॉर्चवर धरले. नऊ अंड्यांत लाल शिरांचे कोळ्यासारखे जाळे दिसले. दोन स्वच्छ निघाली, ती काढून टाकली. माझ्या शास्त्राचा उपयोग झाला तो एवढाच, पण आजीनेही ते कुतूहलाने दोनदा पाहिले.

अठराव्या दिवसानंतर कुणी टोपलीकडे जायचे नाही, असा तिचा हुकूम होता. मला आतून फार वाटे की एकदा पाहावे. विसाव्या दिवशी दुरूनच ऐकू आले. अंड्यातून बारीक चिवचिव येत होती आणि कोंबडी खालच्या आवाजात उत्तर देत होती. पिल्लू कवचाच्या आत असतानाच आईशी बोलू लागते, हे वाचलेले असणे वेगळे आणि पडवीत पालथे पडून ऐकणे वेगळे.

एकविसाव्या दिवशी सकाळी आठ पिल्ले होती. एक कवचातच मेले होते. त्या दिवशी त्यांना दाणे घालायची घाई कुणी केली नाही, कारण अंड्यातला बलक पोटात घेऊनच ती बाहेर येतात. पाचव्या-सहाव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे रानीखेत रोगाची, लस डोळ्यात थेंबभर टाकायची असते. ती आणण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले.

वाटणीच्या दिवशी आजी ओसरीवर बसली. भाचीने पिल्ले सुपात घेऊन समोर ठेवली आणि म्हणाली, "दादी, पहले तुम लो." आजीने चार पिल्ले हातात घेऊन पाहिली, परत सुपात ठेवली आणि म्हणाली, मोठी होऊ दे, माय सोडली की नेईन. मग माझ्याकडे पाहून हसली आणि विचारले, "गुरुजी, हालवणार तर नाई ना?"