रुळांनी तोडलेलं रान

भारतातले कपी म्हणजे फक्त गिबन. शेपूट नाही, हात लांबच लांब. झोके घेत हा प्राणी फांदीवरून फांदीवर जातो, जमिनीवर क्वचितच उतरतो. सकाळी नर-मादी जोडीनं साद घालतात. हा भाग आमचा, असं शेजाऱ्यांना बजावणारी ती साद रानात दूरवर पोहोचते.

आसामातल्या जोरहाट जिल्ह्यातलं गिबनचं होल्लोंगापार अभयारण्य जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं. भोवती चहाचे मळे, आणि रान चिरत गेलेला रेल्वेमार्ग. झाडांचे शेंडे जिथे भिडत नाहीत, तिथे गिबनची वाट संपते. फळं खाऊन बिया पसरवणारा हा जीव तुकड्यात कोंडला, की रानही खंगतं. रुळांवर शेंडे पुन्हा जुळवणं ही वनखातं आणि रेल्वे दोघांचीही जबाबदारी आहे. त्यात दिरंगाई नको.