गळका पडदा

जीवाच्या उगमावर व्याख्यानं झोडत फिरणाऱ्या एका विद्वानांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रयोगशाळेतली आदिपेशी म्हणजे साबणाचा फेस. तिच्या पडद्याला ना प्रथिनांची दारं, ना पंप. वर तो गळका. शिवाय तो माणसाने केला, म्हणजे करणारा लागतोच. टाळ्या!

करणाऱ्याचं आधी उरकू. फ्रीजमध्ये बर्फ होतो म्हणून हिमालयातला बर्फही कुणीतरी फ्रीजमध्येच केला, असं ठरत नाही. साबणाचं म्हणाल तर कबूल. हा पडदा स्निग्धाम्लांचा, आणि स्निग्धाम्लांचे क्षार म्हणजे साबणच. पुढे?

राहिला गळकेपणा. आजच्या पेशीचा पडदा फॉस्फोलिपिडांचा, घट्ट. विद्युतभार असलेलं न्यूक्लिओटाइड त्यातून आपणहून जवळपास जातच नाही, म्हणून प्रथिनांची दारं. प्रथिनांसाठी जनुकं हवीत, जनुकांच्या नकलांसाठी आत न्यूक्लिओटाइडं हवीत. असला पडदा पहिल्यावहिल्या पेशीला दिला असता तर ती उपाशीच मेली असती. 2008 साली जॅक शोस्टाक यांच्या प्रयोगशाळेत स्निग्धाम्लांच्या सूक्ष्म पिशव्यांत डीएनएचा तुकडा साचा म्हणून कोंडला आणि क्रियाशील न्यूक्लिओटाइडं बाहेरच्या पाण्यात सोडली. ती पडद्यातून आत शिरली, साच्यावर एकेक करून जोडली गेली. साचा मात्र आतच राहिला. फॉस्फोलिपिडांच्या पिशवीत हे जमलं नाही. विद्वान ज्याला भोक म्हणत होते, ते तोंड निघालं! पुढच्याच वर्षी असं दिसलं की अशा गोल पिशवीला बाहेरून आणखी स्निग्धाम्ल पुरवलं की ती लांबत जाऊन दोऱ्यासारखी होते, आणि हलकेच हलवलं की तुटून तिची पिल्लं होतात. फेसाला हे जमतं का, व्याख्यानात सांगावं.

 

माझी बाजू तशी छोटी. 1969 साली ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या अशनीतून काढलेल्या द्रव्यांनीही पाण्यात पिशव्या धरल्या. तेव्हा पडद्याचा माल जिवाआधीही होता. अडचण आहे ती मॅग्नेशियमची: आरएनएच्या नकलेला ते लागतं आणि तेच पडदा फोडतं. 2013 साली सायट्रेट घालून दोन्ही साधलं. पण त्या काळच्या पृथ्वीवर एवढं सायट्रेट आणलं कुठून? हा प्रश्न विचारला असता तर मला निरुत्तर करता आलं असतं. त्यासाठी मात्र शोधनिबंध उघडावा लागतो.