घरपट्टी भरली म्हणून वाढीव खोली कायदेशीर होत नाही. इसार देण्याआधी हे तपासा

तालुक्याच्या गावांना लागून असलेल्या वस्त्यांत तयार घर विकायला निघालं की भाव सगळ्याचा मिळून सांगितला जातो. मूळ दोन खोल्या, मागची वाढवलेली पत्र्याची खोली, पुढे ओट्यावर काढलेलं दुकान. कागद मागितले की मालक नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती पुढे करतो. घेणारा फसतो तो इथंच.

नमुना ८ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद आहे. त्यावरून मालकी ठरत नाही, मग परवानगी तर दूरच. खरेदीखताचंही तसंच. दस्त नोंदला म्हणजे व्यवहार नोंदला गेला, बांधकाम मंजूर झालं असं नाही.

सुमारे ३२०० चौरस फुटांपर्यंत नगररचनाकाराची परवानगी लागणार नाही, असं राज्य सरकारने २०२१ मध्ये जाहीर केलं. त्यावरून 'गावात आता काहीच लागत नाही' असा समज पसरला. पण मालकीचे कागद आणि बांधकामाचा आराखडा ग्रामपंचायतीत द्यावाच लागतो.

'वीस वर्षं झाली, कोण काय करतंय?' हा युक्तिवादही टिकत नाही. बराच काळ लोटला, पैसा घातला किंवा अधिकाऱ्यांनी कारवाई केली नाही म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. बांधकामाचे दाखले तपासल्याशिवाय बँकांनी कर्ज देऊ नये, असंही त्यात म्हटलं आहे. म्हणजे इसार देऊन बसल्यावर कर्ज अडलं तर घेणाऱ्याची दोन्हीकडून कोंडी. आणि नोटीस येते तेव्हा घर ज्याच्या ताब्यात, त्यालाच निस्तरावं लागतं. विकणारा पैसे घेऊन मोकळा झालेला असतो.

म्हणून इसाराआधी एवढं कराच. ग्रामपंचायतीतून बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशाची प्रत मागा. जागेवर टेप लावून नकाशाशी माप जुळवा. ड्रोन मोजणी झालेल्या गावठाणात मिळकत पत्रिका काढून वाढीव भाग हद्दीत आहे का ते बघा. तो रस्त्यावर किंवा गायरानात गेला असेल तर ते अतिक्रमण आहे, त्याचे पैसे देऊच नका. हद्दीत असेल आणि नियमात बसत असेल, तर विकणाऱ्यालाच अर्ज करून, शुल्क भरून ते नियमित करायला लावा. तो तयार नसेल तर भाव मूळ घराचाच धरा आणि वाढीव भागाचा उल्लेख खरेदीखतात स्पष्ट करून घ्या.

चार दिवस उशीर झाला तरी चालेल. आयुष्याची पुंजी पावतीच्या भरवशावर टाकू नये.