अंग मोठें कीं अंगरखा तोकडा?

ध्रुवप्रदेशाची सफर ही आतां केवळ शास्त्रज्ञांची व दर्यावर्दी वीरांची मिरासदारी राहिलेली नाहीं. १९६६ सालीं लिंडब्लाड नांवाच्या गृहस्थानें प्रवाशांची टोळी अंटार्क्टिकाला नेली, १९९१ सालीं अशा सफरी काढणाऱ्यांचा संघ स्थापन झाला, आणि आज मुंबईच्या सहलसंस्थांच्या जाहिरातींत काशीरामेश्वराच्या शेजारीं पेंग्विन पक्षी उभे असतात. जन्मभर पैपैसा सांठवून, मुलाबाळांचीं लग्नें उरकून, एखादें मराठी जोडपें दक्षिण अमेरिकेच्या टोंकाशीं उश्वाया बंदरांत जहाजावर चढतें, याचा आम्हांस तरी आनंदच वाटतो. वाद आहे तो निराळ्या गोष्टीविषयीं. हीं माणसें बहुधा पन्नाशी-साठीचीं असतात, आणि त्या वयाचें अंग शिडशिडीत असतेंच असें नाहीं. अशा थोराड अंगाच्या प्रवाशानें कपड्यांची व बुटांची चौकशी आरंभिली कीं त्याला चोहोंकडून एकच उपदेश ऐकूं येतो: "आधीं वजन उतरवा, मग बर्फाचें बोला." हा उपदेश म्हणजे शहाणपणाचा मुखवटा चढविलेला आळस आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आम्ही राहतों त्या वर्सोव्यांत या उपदेशाला तोटा नाहीं. आरामनगरच्या गल्ल्यांत नटनट्यांची निवड करणाऱ्यांच्या कचेऱ्या आहेत. तेथें रोज कितीतरी तरुण मुलेंमुली परक्याच्या नजरेपुढें आपलें अंग मापून घेण्यासाठीं रांगेंत उभीं राहतात. त्या बाजाराचा वारा सबंध वस्तीला लागला आहे. ज्याला कोणत्याही पडद्यावर चमकावयाचें नाहीं असा पेन्शनरसुद्धां येथें पोट आंत ओढून चालतो! पण याच वर्सोव्याचें जुनें नांव वेसावें, आणि वेसाव्याच्या कोळीवाड्यानें निराळा धडा पिढ्यान्पिढ्या गिरविलेला आहे. लुगड्याला 'साइझ' नसते. तेंच लुगडें सडपातळ सुनेला पुरतें आणि तिच्या भारदस्त सासूलाही पुरतें. निऱ्या कमी-अधिक घ्यावयाच्या, एवढाच फरक. धोतराची व उपरण्याची गोष्ट तीच. न शिवलेल्या वस्त्रानें आमच्या वाडवडिलांना "तुमचें माप नाहीं" असें कधीं ऐकविलें नाहीं. पुढें शिंपी आला, त्याची फीत आली. तरी माणूस आधीं आणि कपडा मागून, हा क्रम टिकून होता. तयार कपड्यांनीं तो उलटा केला. आतां कपडा आधीं जन्मास येतो, आणि त्याला शोभेल असें अंग घेऊन हजर राहण्याची जबाबदारी गिऱ्हाइकावर पडते.

या तयार मापांचा उगम पाहूं गेलें असतां मोठी मौज दिसते. अमेरिकेच्या शेतकी खात्यानें सुमारें १५ हजार स्त्रियांचीं अंगें मोजवून १९४१ सालीं एक अहवाल प्रसिद्ध केला. तिकडे स्त्रियांच्या तयार मापांना शास्त्राचें पाठबळ मिळालें तें त्यापासून. परंतु त्यांतल्या ज्या स्त्रिया गोऱ्या नव्हत्या, त्यांचीं मोजमापें अखेरच्या हिशेबांतून वगळलीं होतीं. आणि आमच्याकडे? मुंबईसह सहा शहरांत २५ हजार लोकांचीं अंगें मोजून भारतीय मापांचा तक्ता करण्याचा संकल्प सरकारनें केला तो २०१८ सालीं! म्हणजे परदेशी तक्त्याच्या ज्या मापांत आपण बसत नाहीं म्हणून आमची एखादी वहिनी अंधेरीच्या दुकानांत शरमेनें खालीं पाहते, तें माप ठरवितांना तिच्यासारख्या अंगाला कोणीं फीतच लावलेली नव्हती. नाचतां येईना अंगण वांकडें ही म्हण आपल्या बायकांनीं त्या दुकानदाराच्या तोंडावर म्हणावयाची, ती उलट स्वतःच्या कंबरेला लावून घेतात.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा अनुभव सांगतों. अंटार्क्टिकाला जाण्याचें ठरल्यावर त्या मुंबईतील एका मोठ्या दुकानांत जलाभेद्य विजार व कोट घेण्यासाठीं गेल्या. विक्रेत्यानें फीत हातांत न घेतां दहा हातांवरूनच निकाल दिला: "मॅडम, लेडीजमध्यें तुमचं नाही मिळणार, जेन्ट्समध्यें बघा." पुरुषांचा कोट घालून पाहिला तेव्हां खांदे दंडावर उतरले, बाह्या बोटांच्याही पुढें गेल्या आणि खालचा घेर ढुंगणावर अडून चेन वर सरकेना. बाईंनीं तो मुकाट्यानें काढून ठेवला. स्थूल स्त्री म्हणजे मोठा पुरुष, हा या व्यापाराचा सिद्धांत! आम्ही म्हणतों, गिऱ्हाइकाचा अपमान घटकाभर बाजूला ठेवूं. पण ज्या कोटाची चेन लागत नाहीं तो अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर कोट नसून पताका आहे, आणि ज्याच्या बाह्या बोटें झांकतात तो घालून रबरी होडीची दोरी धरतां येत नाहीं. येथें प्रश्न शोभेचा नसून जिवाचा आहे.

आणि खरें नवल असें कीं, ज्या प्रदेशासाठीं हे कपडे, त्या प्रदेशाचाच इतिहास या व्यापाराच्या विरुद्ध साक्ष देतो. १९०३ ते १९०५ या काळांत नॉर्वेचा अमुंडसेन उत्तर कॅनडांत नेटसिलिक लोकांच्या शेजारीं राहिला व त्यांच्यापासून कातडी पोशाख शिकला. तो पोशाख सैल असे. अंग आणि कातडें यांच्यामध्यें हवा खेळती राही, म्हणून ऊबही टिके आणि घामही सांचत नसे. तेथील बायका तो ज्याचा त्याच्या अंगाच्या अजमासानें शिवीत. 'मध्यम' आणि 'मोठा' अशा राशी त्यांनीं घातल्या नव्हत्या. पुढें १९११ च्या सप्टेंबरांत याच अमुंडसेननें दक्षिण ध्रुवाकडे घाईनें कूच केलें, आणि थोड्याच दिवसांत कांहींच्या टांचा गारठून निकामी झाल्यामुळें त्याला परत फिरावें लागलें. बूट ताठ होते आणि आंत मोज्यांना पुरेशी जागा नव्हती. त्याच्या माणसांनीं ते बूट मुक्कामावर बसून पुन्हा पुन्हा उसविले आणि मोठे केले. मग ऑक्टोबरांत निघून १४ डिसेंबरला ते ध्रुवावर पोहोंचले. पाय कमी करा, असें त्या तळावर कोणी कोणास म्हणाल्याची नोंद नाहीं.

दुसरी बाजूही पाहावी. स्कॉटच्या ध्रुवावर गेलेल्या पांच जणांत एडगर एव्हन्स हा अंगानें सर्वांत थोराड. शिधा मात्र पांचांनाही सारखाच. १७ फेब्रुवारी १९१२ रोजीं सर्वांच्या आधीं तोच गेला. त्याच्या मृत्यूचीं कारणें अनेक सांगतात, हाताची जखम होती, पडझड होती. तरी मोठ्या देहाला लहान देहाइतकेंच अन्न, हा हिशेब त्या कारणांतून वगळतां येत नाहीं. सर्वांना एकच माप लावणें याला समता म्हणणारे लोक आहेत. त्यांनीं एव्हन्सला आठवावें.

"पण एवढें वजन घेऊन थंडींत जाणें धोक्याचें नाहीं काय?" हा आक्षेप आम्ही थट्टेवारी नेत नाहीं. बेर्गमान नांवाच्या जर्मन पंडितानें १८४७ सालींच दाखविलें कीं, थंड प्रदेशांतील प्राण्यांचे देह त्यांच्या उष्ण प्रदेशांतील भाऊबंदांपेक्षां बहुधा मोठे असतात, कारण देह मोठा तसा त्याच्या वजनाच्या मानानें उघडा पृष्ठभाग कमी. अर्थात् त्यावरून स्थूल प्रवाशाला थंडी वाजत नाहीं असें मुळींच नव्हे. हाताचीं बोटें, नाक, पाय सर्वांचेच सारखे गारठतात. होडींत उतरतांना डुलत्या पायरीवर तोल संभाळावा लागतो, खलाशाचें मनगट धरावें लागतें, गुडघे दुखरे असतील तर आधींच डॉक्टरला विचारावें लागतें. हें सर्व खरें. पण तोल आणि गुडघे यांचा प्रश्न शिडशिडीत माणसालाही आहे. तो कमरेच्या घेरावरून ठरत नाहीं. आणि तेथील थंडीचा बाऊही आपण उगाच करतों. अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पावर प्रवासी जातात ते नोव्हेंबर ते मार्च या उन्हाळ्यांत; तेव्हां किनाऱ्यावर पारा शून्याच्या आगेमागे असतो. आमच्या सांताक्रूझला १९६२ च्या जानेवारींत तो ७.४ अंशांवर उतरला होता! म्हणजे फरक आहे तो मुख्यतः वाऱ्याचा आणि पाण्याचा, आणि वारा-पाणी अडविणें हें काम कपड्याचें, चरबीचें नव्हे.

दुकानदारांचा दुसरा युक्तिवाद, "मागणीच नाहीं." वस्तु ठेवावयाची नाहीं, आलेलें गिऱ्हाईक शरमिंदें करून घालवावयाचें, आणि मग तें परत येत नाहीं म्हणून मागणी नाहीं असें म्हणावयाचें! या तर्कानें मुंबईत छत्र्यांनाही मागणी नाहीं असें सिद्ध करतां येईल.

आतां ज्यांना जावयाचेंच आहे त्यांच्यासाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. अंगाला भिडणारें वस्त्र सुती नसावें. आपणां मुंबईकरांना बनियनची इतकी संवय कीं ही गोष्ट गळीं उतरत नाहीं; पण थोराड माणसाला चढावर घाम अधिक येतो, सुताला तो सुटत नाहीं, आणि थांबल्याबरोबर तोच घाम बर्फासारखा पाठीला लागतो. बारीक लोकरीची किंवा कृत्रिम धाग्याची आंतली विजार घोट्यापर्यंत लांब घ्यावी, म्हणजे मांड्या घांसत नाहींत. त्यावर फ्लीसची बंडी. ती तयार मिळाली नाहीं तर आमच्याकडच्या कोणत्याही चांगल्या शिंप्याला दोन कळ्या व बगलेंत चौबगला घालून ती सैल करतां येते. जुन्या अंगरख्यांत ही युक्ति नेहमींचीच होती. मात्र वरच्या जलाभेद्य कोटाला किंवा विजारीला असा ठिगळाचा उपाय करूं नये. सुईचें प्रत्येक भोंक पाणी आंत घेतें, आणि शिवणीवर आंतून पट्टी चिकटविण्याचें साधन साध्या शिंप्याजवळ नसतें. येथें मापाचाच माल मागावा, मग त्यासाठीं दोन महिने वाट पाहावी लागली तरी हरकत नाहीं.

विजार घेतांना आरशापुढें उभें राहून समाधान मानूं नये. आंतले सर्व कपडे घालून एक पाय खुर्चीवर ठेवावा, मग खालीं बसून उठावें. बैठकींत ओढ बसली तर ती विजार नको. तिचे पाय बुटांच्या वरून, बाहेर सोडावयाचे असतात, कारण होडींतून उतरतांना घोटाभर पाण्यांत पाऊल पडतें. म्हणून पोटरीखालीं उघडणारी चेन असलेली विजार बरी.

बुटांचें प्रकरण सर्वांत बिकट. पुष्कळ जहाजांवर नडगीपर्यंत येणारे रबरी बूट उसने मिळतात, आणि जाहिरातींत ही मोठी सोय म्हणून सांगतात. पण नंबर पावलाचा असतो, पोटरीचा नसतो! पाऊल आंत जातें आणि बूट मध्येंच अडतो, असा थोराड पोटरीच्या माणसांचा अनुभव. म्हणून जाड मोजे व आंतली विजार घालून पोटरीचा घेर संध्याकाळीं, पाय सुजलेले असतां, मोजावा. बूट अडत असेल तर आंखूड किंवा रुंद नळीचे स्वतःचे गमबूट न्यावे. ते कोरे करकरीत स्वच्छ असावे, कारण परक्या मातीचा कण किंवा बीं त्या भूमीवर जाऊं नये म्हणून जहाजावर बूट घांसून धुवून घेतात. बर्डफ्लूच्या भीतीनें २०२२-२३ च्या हंगामापासून किनाऱ्यावर बसण्यास, गुडघे टेंकण्यास, सामान खालीं ठेवण्यासही मनाई करण्यांत आली. म्हणजे बूट चावूं लागला तर दगडावर टेंकून तो सैल करण्याची सोय नाहीं. घट्ट बूट रक्त अडवितो आणि रक्त अडलें कीं बोटें गारठतात. अमुंडसेनला जें एका फसलेल्या मोहिमेनंतर उमगलें तें आपण अंधेरीच्या दुकानांतच समजून घ्यावें.

कोटाविषयीं शेवटचें. कित्येक सफरवाले प्रवाशाला कोट भेट देतात आणि त्याचें माप नांवनोंदणीच्या वेळींच विचारतात. तेथें एक्स या अक्षरापुढें किती एक्स, एवढेंच लिहून भागत नाहीं. अनामत रक्कम पाठविण्यापूर्वीं छाती, पोट व ढुंगण यांचे घेर इंचांत लिहून, सर्वांत मोठा कोट प्रत्यक्ष किती इंचांचा आहे, सर्वांत रुंद बुटाच्या नळीचा घेर किती, आणि तरंगजाकिटाचे पट्टे कोठवर वाढतात, हें लेखी विचारावें. "जहाजावर आल्यावर पाहूं" असें उत्तर आलें तर पैसे रोखून धरावे. उश्वायाच्या पुढें दोन दिवस ड्रेकचा खवळलेला समुद्र आहे, त्यांत दुकान नाहीं. आमच्या शिक्षिकाबाईंनीं असेंच पत्र धाडलें. पहिल्या उत्तरांत पेंग्विनांचें चित्र आलें, दुसऱ्यांत सवलतीची माहिती आली. तिसऱ्यांत इंच आले, आणि मग बाईंनीं पैसे भरले.