बंद खोक्यातला ऐब

बारावीचे निकाल लागले की आमच्या भागातल्या पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. ॲडमिशन कुठे मिळेल आणि लॅपटॉप कोणता घ्यावा? आकुर्डी, निगडी, भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यातली बहुतेक घरं कारखान्यांवर चालतात. मुलगी इंजिनिअरिंगला किंवा डिझाइनला गेली की बाप बोनस, भिशी, ओव्हरटाइम असं एकेक जोडत लाखाच्या आसपास पोहोचतो. "एकदाच घेऊ, पण चांगला घेऊ," हे त्याचं म्हणणं असतं, आणि ते रास्तच आहे. पण 'चांगला' म्हणजे काय, हे तो दुकानदाराला विचारतो. दुकानदार प्रोसेसरचा आकडा सांगतो, कंपनीचं नाव सांगतो, बॉडी मेटलची आहे हे टिचकी मारून दाखवतो. खोकं मात्र सीलबंद घरी जातं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. महागडा लॅपटॉप घेताना आधी दोन गोष्टी पाहाव्यात. हे यंत्र आपल्या उन्हाळ्यात किती तापतं आणि याच्या पडद्यावर आपल्या भाषा कशा दिसतात? दोन्हींची उत्तरं आपल्या हातांनी आणि डोळ्यांनी तपासून घ्यावीत, पैसे देण्याच्या वेळीच.

आधी उष्णतेचं बघू. लॅपटॉपचा पंखा बर्फ तयार करत नाही. तो खोलीतली हवा आत ओढतो आणि चिपची उष्णता त्या हवेबरोबर बाहेर टाकतो. म्हणजे उष्णता किती बाहेर जाणार, हे चिप आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. समजा चिप ९५ अंशांवर चालली आहे. एसी लावलेल्या शोरूममध्ये २२ अंश असतील, तर फरक ७३ अंशांचा. कुदळवाडीत किंवा चाकणजवळच्या एखाद्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी ३८ अंश असतील, तर फरक ५७ अंशांवर येतो. साध्या हिशेबाने, उष्णता बाहेर टाकण्याची ताकद पाचव्या हिश्श्याहून जास्त कमी झाली. मग यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतं. ज्या वेगाचे पैसे मोजले, तो शोरूममध्ये मिळतो. घरी मिळेलच असं नाही.

ॲपल आपल्या मॅकबुकसाठी सभोवतालचं तापमान १० ते ३५ अंश असावं असं सांगते. इतर बऱ्याच कंपन्यांच्या तांत्रिक पत्रकातही वरची मर्यादा ३५ च्या आसपासच असते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये ही मर्यादा दुपारी सहज ओलांडली जाते. २०१९ च्या एप्रिलमध्ये पुण्यात पारा ४३ अंशांपर्यंत गेला होता. त्यात रस्त्यावरची आणि कारखान्यांची धूळ, जी पंख्याच्या जाळीत साचते. त्यात आमची सवय, लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवून वापरायची. त्याने खालून हवा घेण्याची वाटच बंद होते. उष्णतेने बॅटरीचं आयुष्यही लवकर संपतं. मांडीवर तापलेलं यंत्र रोज तासन्‌तास ठेवलं तर त्वचेवर जाळीदार काळपट डाग पडतात, हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगलं माहीत आहे.

किंमत जास्त म्हणजे हा त्रास कमी, असंही नाही. पुष्कळदा उलट असतं. महाग यंत्र पातळ हवं असतं, आणि पातळ यंत्रात पंख्याला आणि हवेला जागा कमी. २०१८ च्या जुलैमध्ये कोअर आय-नाइन प्रोसेसरचा नवा मॅकबुक प्रो जड कामात वेग गमावतो, हे वापरणाऱ्यांनी मोजून दाखवलं. उष्णता सांभाळणाऱ्या व्यवस्थेत चूक राहिल्याचं ॲपलने मान्य केलं आणि काही दिवसांतच सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती दिली. पुढच्याच वर्षी कंपनीने २०१५ ते २०१७ दरम्यान विकलेले काही १५ इंची मॅकबुक प्रो बॅटरी जास्त तापण्याच्या धोक्यामुळे परत बोलावले. त्या वेळी आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही, असे लॅपटॉप बॅटरी तपासून किंवा बदलून घेईपर्यंत विमानात नेऊ नका, असं प्रवाशांना सांगितलं होतं. जगातल्या नावाजलेल्या कंपनीची ही गोष्ट. मग "साहेब, एवढं गरम तर होतंच" या उत्तरावर ग्राहकाने मान का डोलवायची?

एक न्यायाची गोष्ट मात्र सांगायला हवी. ॲल्युमिनियम उष्णता पटकन बाहेर आणतं, त्यामुळे धातूची बॉडी हाताला जास्त गरम लागते. नुसतं गरम लागणं हा दोष नाही. काम करताना वेग पडतो का, पंखा सतत किंचाळतो का, कीबोर्डवर बोट ठेववत नाही इतकं तापतं का, हे बघायचं.

आता पडदा. जाहिरातीत पडदा सिनेमासाठी असतो. आमच्या घरात तो वाचण्यासाठी असतो. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी उतरते आणि तिचा अर्थ नुक्त्यांवर टांगलेला असतो. 'दुआ' आणि 'दगा' यांच्यात लिहिताना एका नुक्त्याचा फरक आहे. 'खुदा' आणि 'जुदा' यांच्यात तर नुक्ता अक्षराच्या वर की पोटात, एवढाच. मराठीतही 'भाग' आणि 'भांग' यांच्यात एक ठिपकाच आहे. रफार, रुकार, जोडाक्षरं यांची नाजूक वळणं वेगळीच.

१५.६ इंची पडद्यावर १३६६ बाय ७६८ ठिपके असतील तर एका इंचात साधारण १०० ठिपके पडतात. तेवढ्यात नस्तालीकचे तीन नुक्ते मिसळून एक डाग होतो. त्याच आकारात १९२० बाय १०८० असतील तर इंचाला १४१, आणि १४ इंची पडद्यावर १९२० बाय १२०० असतील तर जवळपास १६२. अक्षर स्वच्छ दिसायला लागतं. तेव्हा दुकानात पडद्याची पारख समुद्राच्या व्हिडिओवर करू नका. एक उर्दू पान आणि एक मराठी पान उघडा, नेहमीच्या आकारात, आणि मुलाला वाचायला लावा.

पडद्याचे बाकीचे ऐबही ओळखण्यासारखे आहेत. एकाच जागी कायम काळा किंवा रंगीत राहणारा ठिपका. काळ्या पडद्यावर कडांतून झिरपणारा पांढुरका प्रकाश. पांढऱ्या पडद्यावर एका बाजूला पिवळसर झाक. प्रकाश कमी केल्यावर होणारी लुकलुक, जी डोळ्याला दिसत नाही, पण तासाभराने डोकं दुखवते. मोबाइलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यात ती पट्ट्यांसारखी सापडू शकते. शिवाय चकचकीत पडद्यावर खिडकीचा उजेड आपलाच चेहरा दाखवतो. एक-दोन मृत ठिपके असले तर पुष्कळ कंपन्या त्याला दोष मानतच नाहीत. त्यांचा नियम काय आहे, हे पैसे देण्याआधी विचारायला हवं.

इथे मला आमच्याच पट्ट्याचं नवल वाटतं. चाकणच्या कारखान्यांत आलेला प्रत्येक माल आधी इन्स्पेक्शनला जातो. मायक्रॉनचा फरक पडला, पृष्ठभागावर केसाएवढा चरा दिसला, तर अख्खा लॉट रिजेक्ट होतो. इथेच तयार झालेली गाडी ग्राहकाला देण्याआधी तिचं पीडीआय होतं आणि हल्ली शहाणा ग्राहकही टॉर्च घेऊन ते करायला जातो. जो माणूस आठ तास गेज आणि व्हर्नियर हातात धरून दुसऱ्याच्या मालात खोट शोधतो, तोच संध्याकाळी आपल्या घामाचा लाख रुपया देऊन खोकं न उघडता उचलतो. कारखान्यातली शिस्त दुकानाच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचं कारण काय?

दुकानदाराची बाजूही खोटी नाही. सील तुटलेलं खोकं दुसरा ग्राहक घेत नाही आणि कंपनी त्याच्याकडून सहजासहजी परत घेत नाही. म्हणून मी म्हणतो, खोकं पैसे देऊन, बिल हातात घेऊनच उघडा, पण दुकानातच उघडा. त्याआधी तेच मॉडेल शोकेसमध्ये असेल तर त्यावर वीस मिनिटं जड काम चालवून बघा. आपलं खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच रंग पडदाभर लावून पाहा. ऑनलाइन घेत असाल तर रक्कम परत मिळते की फक्त बदली वस्तू, आणि किती दिवसांत, हे आधी वाचा.

कायदाही ग्राहकाच्या बाजूने आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

आपल्या वाचकांना यात नवीन काही वाटू नये. फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' नावाचा हक्क शेकडो वर्षांपासून शिकवला जातो. खरेदीनंतर मालात जुना, लपलेला दोष निघाला, तर सौदा मोडण्याचा हक्क खरेदीदाराला असतो. वर कोरडं आणि आत ओलं धान्य ठेवून विकणाऱ्याला पैगंबरांनी बाजारात टोकल्याची हदीस आपण मुलांना शिकवतो. ती धान्याच्या ढिगापुरती नाही. ढिगात हात घालून पाहणं ही विक्रेत्यावर अविश्वासाची गोष्ट मानली गेली नाही, हेही त्यातून शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडे दुकानात जास्त विचारणं म्हणजे कंजूषपणा, किंवा 'आपल्याला काय कळतं' असा संकोच असतो. एसी शोरूम आणि इंग्रजी बोलणारा पोरगा समोर असला की तो संकोच वाढतो. पण डिग्री नसलेल्या बापालाही हाताला चटका लागतो की नाही हे कळतं, आणि नुक्ता दिसतो की नाही हे त्याची मुलगी सांगू शकते. मुलांना सोबत न्या, तपासणी त्यांच्याकडूनच करून घ्या. पुढची चार-पाच वर्षं त्यांनाच त्या पडद्यासमोर बसायचं आहे, आणि त्यातले चार-पाच उन्हाळे आपल्या पत्र्याखालीच जाणार आहेत.