माजलगावच्या पाण्यावर शिडं उभी राहू द्या

आपल्या बीड जिल्ह्यात दिनदर्शिका नाही असं घर सापडायचं नाही. एकादशी कधी, संकष्टी कधी, आवस कोणत्या वारी, हे घरातली म्हातारी माणसं भिंतीकडे न बघता सांगतात. त्याच तिथीवरून कोकणातला खलाशी खाडीतलं पाणी सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ हाती येते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, जागेप्रमाणे वेळ थोडी पुढेमागे होते, पण पिढ्यान्पिढ्या होड्या त्यावर चालल्या. जुन्या माणसांना पाऊणकी तोंडपाठ असायची. तिचा हा उपयोग मला पाटोद्याच्या डोंगरात नव्हे, नौदलात गेल्यावर कळला.

मी नौदलाच्या जलसर्वेक्षण शाखेत खलाशी होतो. पाण्याखाली किती खोल आहे, तळाला वाळू आहे की चिखल, खडक कुठं आहे, हे मोजून नकाशावर घालायचं आमचं काम. निवृत्त होऊन बीडला परत आलो तेव्हापासून एक मागणी जो भेटेल त्याच्याकडे करतो आहे, आज ती जाहीरपणे मांडतो. माजलगावच्या धरणात शाळकरी मुलांसाठी शिडाच्या होड्यांचं प्रशिक्षण केंद्र व्हावं. हौस म्हणून नाही. उथळ पाण्यातून होडी काढायला शिकलेलं पोर वारा, वेळ आणि खोली या तिन्हींचा हिशेब एकदम करायला शिकतं, आणि तो हिशेब आपल्या मुलांना शिकवण्याची सोय इथं घराजवळ आहे.

समुद्राची भीती वाटते ती खोल पाण्याची. नाविकाला धास्ती असते ती उथळ पाण्याची. खोल समुद्रात होडी वाट्टेल तिकडे वळवता येते. खाडीच्या तोंडाशी मात्र वाळूचा दांडा असतो, आणि दर पावसाळ्यात नदीचा लोंढा आणि समुद्राच्या लाटा मिळून तो सरकवतात. गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असं नाही. छापील नकाशात दिलेली खोली साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीची असते, तिच्यात त्या वेळच्या भरतीचं पाणी मिळवायचं. मुंबईला उधाणाच्या दिवशी, म्हणजे आवस-पुनवेच्या सुमाराला, पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, गोव्याकडं जाल तसा हा फरक निम्म्याहून कमी होतो. शिवाय पाणी सहा तास सारखं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे खरा जोर मधल्या दोन तासांत.

आमच्याकडे खोली मोजायला यंत्रं होती, तरी शिशाचा गोळा बांधलेली दोरी आधी शिकवली. दोरीवर दोन वावांवर कातड्याच्या दोन पट्ट्या, तीन वावांवर तीन, पाच वावांवर पांढरं कापड, सातवर लाल, दहावर भोक पाडलेलं कातडं. एक वाव म्हणजे सहा फूट. कातडं आणि कापड एवढ्यासाठी, की अंधारात नुसत्या बोटांनी ओळखू यावं. काही जण तर खूण ओठांना लावून बघायचे. गोळ्याच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरायची. गोळा तळाला टेकून वर आला की चरबीला वाळू, शंखाचे तुकडे नाहीतर काळा गाळ चिकटलेला असतो. नांगर धरेल की नाही, हे त्या चिमूटभर वाळूवरून ठरायचं. आमच्या गावाकडे विहीर परसानं मोजतात. मला ही दोरी पहिल्याच दिवशी ओळखीची वाटली.

एकदा बाणकोटला, सावित्रीच्या खाडीत, नौदलाची शिडाची होडी आत न्यायची होती. तिथल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याला, आम्ही बरोबर घेतलं. मी त्यांना मामा म्हणायचो. दुपारचा वायव्येचा वारा सुटला होता, पाणी उतरत होतं. बाहेर येणारी ओहोटी आणि आत ढकलणारा वारा समोरासमोर आले की दांड्यावर लाटा उभ्या राहून फुटतात, आणि उथळ होडीला याहून वाईट वेळ नाही. मामा म्हणाले, "आता नाय. पाणी वळू दे." आम्ही बाहेर नांगरून बसलो. पाणी वळल्यावर, चढत्या भरतीचे दोन तास झाल्यावर, ते उठले. काठावरचं एक झाड आणि मागच्या टेकडीवरची एक पांढरी भिंत एका रेषेत येईपर्यंत त्यांनी होडी दक्षिणेला सरकवली आणि मग ती रेष सोडली नाही. होडीच्या मधोमध खाली सोडलेली पाटी असते, ती त्यांनी अर्धी वर ओढायला लावली. पाटी वाळूला घासल्याचा आवाज आला की पूर्ण वर घ्यायची, आम्हाला एका बाजूला बसवून होडी कलती करायची, म्हणजे तेवढीच ती कमी बुडते. चढत्या पाण्यात रुतलात तर पाणीच तुम्हाला उचलतं. उतरत्या पाण्यात रुतलात तर पुढच्या भरतीची वाट बघा. उधाणाच्या ऐन माथ्यावर रुतलात तर कदाचित पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे पंधरवडाभर. हे सगळं मामांनी शाळेत न जाता शिकलेलं होतं.

महाराष्ट्राचा इतिहासही या ज्ञानावर एकदा तोलला गेला आहे. १६७९ मध्ये मराठा आरमारातले मायनाक भंडारी आणि त्यांच्या माणसांनी खांदेरी बेटावर तटबंदी उभारायला घेतली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाभोवती जहाजं उभी केली. ती मोठी होती, तोफा जास्त होत्या, बूडही खोल होतं. मराठ्यांची लहान होडकी रात्री नागावच्या खाडीतून निघायची, बेटावर माणसं आणि सामान उतरवून उजाडायच्या आत परत यायची. वारा पडला तर वल्ह्यांवर, आणि पाठलाग झाला तर अशा उथळ पाण्यात, जिथं मोठ्या जहाजाला येता येत नव्हतं. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या बाजूच्या दौलतखानाच्या आरमारानं चढाई केली आणि इंग्रजांचं 'डव्ह' हे जहाज धरलं. खांदेरी शेवटी मराठ्यांकडेच राहिली. या लढाईत तलवारीइतकीच किंमत भरती-ओहोटी कळण्याला होती, असं माझं ठाम मत आहे.

कोणी म्हणेल, हे सगळं कोकणातल्या पोरांना ठीक, ज्या जिल्ह्यातून दर दिवाळीनंतर लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात तिथं शीड कशाला? मी उलट विचारतो. मध्य प्रदेशाला एक इंचही समुद्रकिनारा नाही. तरी भोपाळच्या मोठ्या तलावावर राष्ट्रीय शीडनौका शाळा उभी राहिली. तिथं शिकलेल्या नेहा ठाकूरनं २०२३ साली हांगझौच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक आणलं. ती देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी आहे. ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत बीड होतं, त्या हैदराबादेत हुसेनसागरावर गरीब वस्त्यांतली मुलं शीड शिकून राष्ट्रीय स्पर्धा जिंकतात. आपली पोरं पहाटे चारला उठून सैन्य आणि पोलीस भरतीसाठी रस्त्यावर धावतात, त्यांच्या छातीत दम कमी नाही. त्यांना पाणी कोणी दाखवलेलं नाही, एवढंच.

आणि पाणी आहे. सिंदफणेवरचं माजलगावचं धरण चांगल्या वर्षी समुद्रासारखं पसरतं. उन्हाळ्यात ते आत ओसरतं, बुडालेल्या शिवारातले बांध आणि जुन्या विहिरींचे कठडे वर येतात. २०१६ च्या दुष्काळात तर मृतसाठाच उरला होता. खाडीत जे सहा तासांत घडतं ते इथं आठ महिन्यांत घडतं, म्हणून उथळ पाण्याचा अभ्यास करायला याहून सोयीची जागा नाही. बीड शहर हेच पाणी पितं, तेव्हा तिथं डिझेलच्या मोटरबोटी नकोतच. शिडाला तेल लागत नाही. मुलांची 'ऑप्टिमिस्ट' होडी जेमतेम आठ फुटांची, एक शीड, एक मूल, मधली फळी हातानं वर ओढता येते आणि मग ती वीतभर पाण्यातही तरंगते.

दोन गोष्टींवर तडजोड नको. अंगात जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय एकाही मुलाला होडीत पाऊल टाकू देऊ नये, आणि पोहता येतं म्हणून कोणाला सूट नसावी. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, हे आपण विसरता कामा नये. आपल्याही शाळांच्या सहली कोकणात जातात. सहलीच्या परवानगीच्या कागदावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीची वेळ लिहिणं सक्तीचं करा, ते काम तिथीवरून पाचवीतलं पोरही करील. दुसरं, धरणात जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांना बाजूला सारू नका. कुठं बांध आहे, कुठं बाभळीचे खुंट आहेत, कोणत्या महिन्यात वारा कुठून येतो, हे त्यांना ठाऊक आहे. पगार देऊन त्यांनाच शिक्षक नेमा.

सुरुवातीला मोठी इमारत लागत नाही. येत्या मे महिन्यात पाणी सगळ्यात खाली असेल, तेव्हा जिल्हा परिषदेनं काठावरच्या शाळांतली मुलं, दोन मच्छीमार आणि वाव मोजलेली दोरी एवढं एकत्र आणावं. उघडे पडलेले बांध, कठडे, खुंट मुलांनी मोजून कागदावर उतरवावेत, त्यावर पाण्याची पातळी आणि तारीख लिहावी. पावसाळ्यानंतर धरण भरलं की त्याच नकाशावरून बोये टाकता येतील आणि दिवाळीच्या सुट्टीत पहिल्या होड्या पाण्यात उतरतील. दोरी मी देतो, खुणा बांधायला मी शिकवतो. होड्यांचे पैसे जिल्हा नियोजन समितीनं द्यावेत.